आखाती पैसा : ठेव येते, कर्ज का येत नाही?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

परदेशात किंवा परगावी काम करणाऱ्या नातेवाइकांकडून घरी येणाऱ्या पैशाविषयी प्रश्न पाठवा, असे आवाहन आम्ही मागील अंकात केले होते. आलेल्या पत्रांपैकी बरीचशी कोकणातली आहेत, आणि जिथे घरटी एक माणूस मुंबईला नाहीतर आखातात असतो तिथून ती येणे स्वाभाविकही आहे. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली असून काही पत्रे संक्षेपाने दिली आहेत. विनंतीनुसार पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : आमच्या तालुक्याच्या गावी बँकांच्या इतक्या शाखा आहेत की बाजारपेठेत दर शंभर पावलांवर एक पाटी दिसते, आणि प्रत्येक शाखेत आखातातून आलेल्या ठेवी आहेत. तरीही आंबा-काजू प्रक्रियेच्या लहानशा युनिटसाठी मी मागितलेले कर्ज ‘तारण पुरेसे नाही’ म्हणून नाकारले गेले. स्थलांतरितांच्या पैशामुळे विकसनशील देशांत वित्तीय विकास होतो असे वाचनात येते. तो आमच्याकडे का दिसत नाही? (खेड, जि. रत्नागिरी)

उत्तर : वित्तीय विकास मोजताना अर्थशास्त्रज्ञ मुख्यतः दोन आकडे पाहतात. बँकांतील ठेवी राष्ट्रीय उत्पन्नाच्या किती टक्के आहेत हा एक, आणि खासगी व्यवसायांना व व्यक्तींना दिलेले कर्ज किती टक्के आहे हा दुसरा. स्थलांतरितांनी पाठवलेल्या पैशाचा या दोहोंवर काय परिणाम होतो, हे रीना अग्रवाल, आस्ली देमिर्गुच-कुंत आणि मारिया सोलेदाद मार्तिनेस पेरिया यांनी १०९ विकसनशील देशांची १९७५ ते २००७ या काळातील आकडेवारी घेऊन तपासले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाचा निष्कर्ष असा की हा पैसा वाढला की दोन्ही आकडे वाढतात. तुम्ही वाचले ते बहुधा यावरच आधारलेले असावे. मात्र हा निष्कर्ष देशादेशांच्या सरासरीचा आहे. याच अभ्यासकांपैकी दोघींनी पुढे एका सहकाऱ्यासह मध्य अमेरिकेतील एल साल्वादोर या देशातील कुटुंबांची माहिती तपासली, तेव्हा पैसा येणाऱ्या घरांत बँक खाते असण्याचे प्रमाण वाढलेले दिसले, पण कर्ज मागण्यात किंवा मिळण्यात म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. तुमच्या तालुक्याचे चित्र याहून फारसे वेगळे नाही. माझे मत असे की या पैशामागून ठेव आपोआप येते, कर्ज मात्र आपोआप येत नाही. ते यावे म्हणून कागदपत्रे, नोंदी आणि पाठपुरावा यांची वेगळी खटपट करावी लागते, आणि आपल्याकडे ती कोणी केलेली नाही.

ठेव आपोआप येते, कारण पाठवलेल्या पैशाला उतरायला जागा लागते. कर्जाची मागणी कमी राहते त्याचेही कारण साधे आहे : दरमहा पैसा येणाऱ्या घराला आजारपण, शाळेची फी, घराची डागडुजी यांसाठी बँकेच्या दारात जावेच लागत नाही. पाओला ज्युलियानो आणि मार्ता रुइझ-अरान्झ यांनी सुमारे शंभर विकसनशील देशांच्या अभ्यासातून हेच दाखवले की बँकव्यवस्था जिथे दुबळी असते, तिथे स्थलांतरितांचा पैसाच कर्जाची जागा घेतो. त्या घरापुरते हे चांगलेच आहे. परंतु शेजारच्या घरात, जिथून कोणी कुवेतला गेलेले नाही, तिथल्या होतकरू माणसाला त्याचा काही उपयोग नाही, आणि तुमचे पत्र नेमके अशा घरातून आलेले दिसते.

आता बँकेच्या बाजूने पाहू. शाखेत जमा झालेली ठेव त्या शाखेच्या तिजोरीत बसून राहत नाही. रोख राखीव निधी आणि सरकारी रोख्यांचा वाटा बाजूला काढल्यानंतर उरलेली रक्कम बँक जिथे मोठे आणि निर्धास्त कर्जदार दिसतील तिथे वळवते. एखाद्या जिल्ह्यात गोळा झालेल्या शंभर रुपयांपैकी किती रुपये त्याच जिल्ह्यात कर्जाने गेले, यालाच कर्ज-ठेव गुणोत्तर म्हणतात. राज्याची सरासरी पाहून फसू नका. मुंबईतून कर्ज उचलणाऱ्या मोठ्या कंपन्यांमुळे ती फुगलेली असते. हे गुणोत्तर ४० टक्क्यांच्या खाली असलेल्या जिल्ह्यांत ते वाढवण्यासाठी जिल्हास्तरीय सल्लागार समितीची खास उपसमिती नेमावी, असे रिझर्व्ह बँकेचे २००५ पासूनचे निर्देश आहेत. जिल्ह्यातील बँकांच्या कामाचा मेळ घालणारी अग्रणी बँक (रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात ती बँक ऑफ इंडिया आहे) आणि जिल्हाधिकारी यांच्या या बैठका नियमाने होतात. त्यांत तालुक्यातील माणसे प्रश्न विचारत नाहीत, एवढेच.

पण सगळा दोष बँकेच्या माथी मारणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. कोकणातला एखादा सातबारा हातात घेऊन बघा. भोगवटादाराच्या रकान्यात आधी आजोबांचे नाव, त्यांना जाऊन तीस-चाळीस वर्षे झालेली; खाली वारसनोंद झाली असेल तर सोळा-सतरा नावे, त्यांत लग्न होऊन गेलेल्या आत्या, परळला राहणारे दोन चुलते, एक कायमचा दोहाला गेलेला चुलतभाऊ, आणि इतर हक्कांत कुणा कुळाची जुनी नोंद. वाटप झालेले नाही, पोटहिस्स्याची मोजणी झालेली नाही. अशी जमीन तारण द्यायची तर बँकेच्या पॅनेलवरचा वकील सगळ्यांच्या सह्या मागणार, आणि त्या सह्या गोळा करण्यापेक्षा माणूस कर्जाचा नाद सोडतो. जमीन चिक्कार आहे, ठेवीही आहेत, पण जमिनीच्या बळावर ठेवीला हात घालता येत नाही. कोकणातील वित्तीय विकास माझ्या मते बँकेपेक्षा तलाठी कार्यालयात आणि भूमी अभिलेखाच्या कचेरीत अधिक अडलेला आहे.

तुमच्यापुरते सांगायचे तर सूक्ष्म व लघु उद्योगांच्या किमान १० लाख रुपयांपर्यंतच्या कर्जाला बँकांनी तारण मागू नये, असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश २०१० पासून आहेत, आणि अशा कर्जाला पतहमी न्यासाचे (कर्ज बुडाल्यास बँकेला भरपाईची हमी देणाऱ्या संस्थेचे) संरक्षण घेता येते. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) करून अर्ज पुन्हा द्या, नकार आला तर तो कारणासह लेखी मागा, आणि त्याची प्रत अग्रणी बँकेच्या जिल्हा व्यवस्थापकांकडे द्या. तोंडी नकाराची नोंद कुठेच होत नाही.

प्रश्न : परदेशातून पैसा मिळवण्यात महाराष्ट्र देशात पहिला आहे, असे परीक्षेच्या तयारीत वाचले. एका पुस्तकात ३५ टक्के आहे, दुसऱ्यात २० टक्के. खरा आकडा कोणता? आणि हा पैसा इतका महत्त्वाचा का मानतात? (पुणे)

उत्तर : दोन्ही खरे आहेत, वर्षे वेगळी आहेत. रिझर्व्ह बँक बँकांकडून माहिती घेऊन वेळोवेळी पाहणी करते. २०१६-१७ च्या पाहणीत केरळ १९ टक्के आणि महाराष्ट्र १६.७ टक्के होता. २०२०-२१ मध्ये महाराष्ट्र ३५.२ टक्क्यांवर गेला आणि केरळ १०.२ वर उतरला. २०२३-२४ मध्ये महाराष्ट्र २०.५ आणि केरळ १९.७. सात वर्षांत इतके हेलकावे खाणाऱ्या आकड्याकडे जरा सावधपणेच पाहावे. २०२०-२१ हे महासाथीचे वर्ष होते, आखातातून लाखो मजूर परतले होते आणि अमेरिकेतील पगारदारांचा ओघ मात्र टिकून होता. महाराष्ट्राच्या वाट्यातील मोठा हिस्सा मुंबई-पुण्यातील खात्यांत उतरणारा असणार, रत्नागिरीतला नव्हे, हेही ध्यानात ठेवा. देशाच्या पातळीवर हा बदल स्पष्टच आहे : २०२३-२४ मध्ये एकट्या अमेरिकेतून २७.७ टक्के पैसा आला, संयुक्त अरब अमिरातीतून १९.२ टक्के, आणि आखातातील सहा देशांचा मिळून वाटा ३८ टक्क्यांच्या आसपास होता. २०१६-१७ मध्ये तो निम्म्याहून अधिक होता.

महत्त्वाचे म्हणाल तर २०२४-२५ मध्ये भारतात असा १३५ अब्ज डॉलरहून अधिक पैसा आला. जगात कोणत्याही देशात इतका येत नाही, आणि आपल्या वस्तुव्यापारातील तुटीच्या जवळपास निम्मी रक्कम त्यातून भरून निघते. परीक्षेसाठी एक भेद पक्का करा. घरखर्चाला पाठवलेला पैसा परत करायचा नसतो. अनिवासी भारतीयांची ठेव ही देशाची देणेदारी असते. १९९०-९१ च्या संकटात अनिवासी ठेवी भराभर काढल्या गेल्या, आणि त्या संकटाला जे अनेक धक्के कारण झाले त्यांपैकी हा एक होता. उलट १९९८ मध्ये रिसर्जंट इंडिया बाँड्समधून सुमारे ४.२ अब्ज, २००० मध्ये इंडिया मिलेनियम डिपॉझिट्समधून सुमारे ५.५ अब्ज डॉलर याच लोकांकडून उभे राहिले. बिकट काळात हेच लोक पैसा आणू शकतात आणि नेऊही शकतात.

प्रश्न : केरळमध्येही आखाती पैसा आहे. त्यांनी आपल्यापेक्षा वेगळे काय केले? (सावंतवाडी)

उत्तर : सर्वांत आधी, मोजमाप केले. तिरुवनंतपुरमच्या सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीज या संस्थेत १९९८ पासून केरळ स्थलांतर पाहणी होऊ लागली, के. सी. झकारिया आणि एस. इरुदय राजन ही तिच्यामागची नावे. त्यामुळे २०१८ मध्ये केरळात ८५,०९२ कोटी रुपये आले आणि २०२३ मध्ये २,१६,८९३ कोटी आले, असे त्यांना सांगता येते. रत्नागिरी जिल्ह्यासाठी असा आकडा कोणी मागितला तर आपल्यापाशी द्यायला काही नाही.

दुसरे म्हणजे भिशी. केरळ सरकारच्या मालकीची केरळ स्टेट फायनान्शियल एंटरप्रायझेस ही कंपनी १९६९ पासून चिट्टी, म्हणजे कायद्याच्या चौकटीतील भिशी, चालवते. २०१८ मध्ये तिने परदेशस्थ केरळी लोकांसाठी ऑनलाइन प्रवासी चिट्टी सुरू केली आणि त्यातील अनामत रकमा राज्याच्या पायाभूत सुविधा निधीच्या रोख्यांत गुंतवण्याची सोय केली. शारजात बसून माणूस भिशी भरतो आणि त्यातला पैसा राज्यातल्या रस्त्या-पुलांपर्यंत पोहोचतो, ही कल्पना मला आवडते. त्या निधीच्या कर्जबाजारीपणावर केरळात टीकाही पुष्कळ झाली आहे आणि ती अगदीच बिनबुडाची नाही. शिवाय ठेवींच्या मानाने कर्ज कमी ही तक्रार केरळलाही चुकलेली नाही.

प्रश्न : माझे यजमान कुवेतला आहेत. पैसे त्यांच्या एनआरई (अनिवासी भारतीयांच्या परदेशी कमाईसाठीच्या) खात्यात येतात आणि त्यांच्या एटीएम कार्डाने मी काढते. बारा वर्षांत एकही खर्च अडला नाही. परंतु शिलाई व्यवसायासाठी बँकेत गेले तेव्हा ‘तुमच्या नावावर काहीच व्यवहार नाही’ असे उत्तर मिळाले. काय करावे? (दापोली)

उत्तर : ताई, तुमच्या घराचे पासबुक न पाहताही त्याचा अंदाज करता येतो : महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एक मोठी जमा, पुढच्या दोन-तीन दिवसांत दोन-तीन वेळा रोख उचल, आणि मग पुढच्या जमेपर्यंत शांतता. पैसा बँकेतून गेला, पण तुमच्या नावाने कुठे थांबला नाही. बँकेचे उत्तर ऐकायला कठोर असले तरी तिच्या दृष्टीने तुम्ही कालच गावात आलेल्या पाहुण्या आहात.

आधी एक धोक्याची गोष्ट. यजमानांच्या कार्डाने आणि पिनने तुम्ही पैसे काढणे ही सर्रास चालणारी, पण बँकेच्या नियमात न बसणारी रीत आहे. एनआरई खात्यावर तुमच्या नावाने मुखत्यारपत्र किंवा बँकेच्या नमुन्यातील अधिकारपत्र देता येते, आणि मग स्थानिक खर्चासाठी तुम्ही रीतसर व्यवहार करू शकता. जवळचा नातेवाईक म्हणून तुमचे नाव ‘प्रथम धारक किंवा हयात धारक’ या पद्धतीने जोडताही येते, मात्र यजमान हयात असेतो तुम्हाला खाते मुखत्यार म्हणूनच चालवता येते. काहीही निवडा, नामनिर्देशन झाले आहे ना, एवढे आजच तपासा. परदेशात अकस्मात काही घडले तर पिन ठाऊक असण्याचा उपयोग नसतो.

आता मुख्य मुद्दा. घरखर्चाचा पैसा यजमानांनी थेट तुमच्या स्वतःच्या बचत खात्यावर पाठवावा. पतीकडून पत्नीला आलेल्या अशा रकमेवर कर नाही. त्यातून तुम्ही ठेव केलीत तर तिचे व्याज करासाठी यजमानांच्या उत्पन्नात धरले जाते, आणि एनआरई खात्यातील व्याज ते अनिवासी असेपर्यंत भारतात करमुक्त आहे. म्हणून मोठी बचत त्यांच्या एनआरई ठेवीत आणि चालू व्यवहार तुमच्या खात्यात, ही विभागणी सोयीची. तुमच्या खात्यातून वीजबिल, शाळेची फी, किराणा जाऊ द्या. एक आवर्ती ठेव चालू करा. शिलाईचे पैसे गिऱ्हाइकांकडून यूपीआयने याच खात्यावर घ्या, जेणेकरून व्यवसायाचे उत्पन्न नवऱ्याच्या पैशापासून वेगळे दिसेल. वर्षभराने लहान रकमेचे कर्ज, गरज नसली तरी, घेऊन वेळेवर फेडा. पत नोंदीत तुमचे नाव येण्याचा याहून सोपा मार्ग मला माहीत नाही.

तुमचा प्रश्न एकट्या दापोलीचा नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०१६-१७ च्या पाहणीनुसार आलेल्या पैशापैकी ५९.२ टक्के कुटुंबाच्या निर्वाहात खर्च होत होता, २० टक्के ठेवींत जात होता आणि ८.३ टक्के जमीन, घरे व समभागांत. निर्वाहाचा हा मोठा भाग बहुतेक ठिकाणी बायकाच हाताळतात, आणि तोच भाग बँकेच्या नोंदीत कोणाच्याच नावावर दिसत नाही. एल साल्वादोरच्या वॉशिंग्टन परिसरातील स्थलांतरितांवर झालेल्या एका प्रयोगात, मायदेशातील बचत खात्यावर पाठवणाऱ्याला अधिक नियंत्रण दिले तर बचत वाढते, असे आढळले. हा निष्कर्ष मला पटतो. पण पाठवणाऱ्याचा धाक वाढला की मागे राहिलेल्या बाईची पत वाढत नाही, आणि त्या प्रयोगात ती मोजलेलीही नव्हती.

शेवटचे एक, जे अनेक घरांत राहून जाते. यजमान कुवेतला जाण्याआधीचे त्यांचे साधे बचत खाते अजून तसेच चालू असेल, तर ते एनआरओ (अनिवासी भारतीयांच्या भारतातील उत्पन्नासाठीच्या) खात्यात बदलून घ्यायला हवे. आणि ते कायमचे परत येतील तेव्हा एनआरई खाते निवासी करून घ्यावे लागेल. करमाफीही तेव्हा संपेल.

प्रश्न : आमच्या हापूसच्या बागेत राखणीला नेपाळी कामगार असतात. हंगाम संपला की सगळी मजुरी रोखीने कंबरेला बांधून निघतात आणि वाटेत लुबाडले जाण्याची भीती असते. त्यांना पैसे पाठवण्याची सरळ वाट आहे का? त्यांच्या देशात या पैशाचे काय होते? (देवगड)

उत्तर : असा प्रश्न एका बागायतदाराने विचारावा याचा आनंद वाटला. वाट आहे, आणि ती २००८ पासून आहे. भारत-नेपाळ रेमिटन्स सुविधेतून एनईएफटीची सोय असलेल्या कोणत्याही शाखेतून नेपाळला पैसे पाठवता येतात. ते स्टेट बँकेमार्फत नेपाळ एसबीआय बँकेकडे जातात आणि घरच्यांना नेपाळी रुपयांत मिळतात, त्यांचे खाते नसले तरी. खाते नसलेला कामगार रोख भरून एका वेळी ५० हजारांपर्यंत, वर्षातून बारा वेळा पाठवू शकतो. खात्यातून पाठवल्यास १ ऑक्टोबर २०२१ पासून मर्यादा २ लाखांची आहे. शाखेतला कर्मचारी ‘असे काही नसते’ म्हणण्याची शक्यता मोठी आहे, म्हणून सुविधेचे नाव लिहून न्या, शक्यतो पहिल्या वेळी स्वतः सोबत जा, आणि ओळखीसाठी कोणते कागद चालतील व त्यांत मालकाने छायाचित्रासह दिलेला दाखला धरला जातो का, ते आधी विचारा. विनिमय दराची चिंता नको : १९९३ पासून १०० भारतीय रुपयांना १६० नेपाळी रुपये हा दर बांधलेला आहे. रोकड नेण्यातला धोका केवळ चोरीचा नाही. नोव्हेंबर २०१६ मध्ये पाचशे-हजारच्या नोटा रद्द झाल्या, तेव्हा नेपाळमधल्या कित्येक घरांत जपून ठेवलेली भारतातली कमाई कागद होऊन पडली.

नेपाळात या पैशाचे वजन आपल्याकडच्यापेक्षा कितीतरी अधिक आहे. भारतात तो राष्ट्रीय उत्पन्नाच्या तीन-साडेतीन टक्के, नेपाळात सुमारे एक चतुर्थांश. तिथल्या बँकांची भरभराट याच पैशावर झाली, आणि त्याचमुळे त्यांची नाडीही याच पैशाशी बांधली गेली. २०२१-२२ मध्ये ओघ मंदावला आणि आयात मात्र वाढत गेली, तेव्हा परकीय चलनाचा साठा घसरला, बँकांकडे कर्ज द्यायला पैसा उरेना, ठेवींचे व्याजदर दोन अंकी झाले, आणि एप्रिल २०२२ मध्ये सरकारला गाड्या, मद्य अशा चैनीच्या वस्तूंची आयात थांबवावी लागली. आयात का वाढते? परदेशातून पैसा येणारे घर तो पैसा परदेशी वस्तूंवरच खर्च करते. गावातले तरुण हात तर कतारमध्ये किंवा तुमच्या बागेत आहेत, तिथे काही पिकवायला आणि बनवायला उरतो कोण?

त्याहून वाईट कहाणी तिथल्या बचत सहकारी संस्थांची आहे. जादा व्याजाच्या आशेने लोकांनी त्यांत टाकलेला पैसा बुडाला आणि २०२४ मध्ये चौकशीसाठी संसदेला विशेष समिती नेमावी लागली. आपल्या पतसंस्थांत आखाती ठेव ठेवणाऱ्यांनीही एक लक्षात ठेवावे : ठेव विम्याचे ५ लाखांचे संरक्षण बँकांना, सहकारी बँकांसह, आहे, पतसंस्थांना नाही.

प्रश्न : दुबईहून हवाल्याने पैसे पाठवले तर दोन रुपये जास्त मिळतात आणि संध्याकाळपर्यंत घरपोच येतात. यात नुकसान कोणाचे? (श्रीवर्धन)

उत्तर : तुमचे. हा व्यवहार परकीय चलन व्यवस्थापन कायद्याचा भंग आहे आणि दंड रकमेच्या तिप्पट होऊ शकतो. कायदा बाजूला ठेवला तरी, या पैशाचा माग कुठेच राहत नसल्याने उद्या घर घेताना पैसा कोठून आला हे सिद्ध करता येत नाही. अलीकडे तर हवाल्याची रक्कम रोख न देता कुणा तिसऱ्याच्या खात्यातून तुमच्या खात्यावर टाकली जाते. ती सायबर फसवणुकीतली निघाली तर पोलीस तुमचे खाते गोठवतात, आणि ते मोकळे करून घेताना परराज्यातल्या ठाण्याच्या खेपा घालाव्या लागतात.

रीतसर मार्ग महाग असतो ही समजूत मात्र जुनी झाली. २०० डॉलर पाठवण्याचा जगातला सरासरी खर्च सहा टक्क्यांहून अधिक आहे आणि २०३० पर्यंत तो तीन टक्क्यांच्या खाली आणण्याचे संयुक्त राष्ट्रांचे उद्दिष्ट आहे. आखात ते भारत हा मार्ग जगातल्या स्वस्त मार्गांत मोडतो. जाहिरातीतले ‘शून्य शुल्क’ पाहू नका, दर पाहा. समजा बाजारात दिऱ्हमचा दर २३ रुपये आहे आणि तुम्हाला २२.८० मिळतो, तर २,००० दिऱ्हमवर ४०० रुपये गेले, पावतीवर शुल्क शून्य असले तरी.

प्रश्न : आमच्या भागातील हजारो लोक सोने-चांदी गलाईच्या (सोने-चांदी वितळवून शुद्ध करण्याच्या) व्यवसायात देशभर पसरले आहेत. त्यांनी गावी पाठवलेल्या पैशाची कोणी दखल का घेत नाही? (विटा, जि. सांगली)

उत्तर : कारण तो पैसा देशाची सीमा ओलांडत नाही. परकीय चलन आले की देशाच्या परदेशी देण्याघेण्याच्या हिशेबात रिझर्व्ह बँक त्याची नोंद करते. कोइमतूरहून विट्याला यूपीआयने आलेली रक्कम लाखो व्यवहारांतला एक व्यवहार असते, तिला स्थलांतरिताचा पैसा म्हणून कोणी ओळखत नाही. एके काळी ओळख होती. १८८० मध्ये टपाल खात्याने मनीऑर्डर सुरू केली आणि कोकण, देशावरची कित्येक घरे तिच्यावर उभी राहिली. वीस रुपयांना एक रुपया, म्हणजे पाच टक्के, कमिशन घेऊन पोस्टमन पैसे दारात मोजून देत असे. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतील गिरणी संप सुरू झाला तेव्हा अडीच लाख कामगारांच्या गावांना त्याची झळ पहिल्यांदा मनीऑर्डर थांबली म्हणूनच कळली. जुन्या पद्धतीची मनीऑर्डर २०१५ मध्ये बंद झाली.

गलाईवाल्यांची अडचण आखातवाल्यांपेक्षा निराळी आहे. ते व्यावसायिक आहेत, त्यांना कर्ज हवे असते. पण धंदा तामिळनाडूत आणि मालमत्ता खानापूर-आटपाडीत, म्हणून तिकडची शाखा म्हणते तारण इथे दाखवा आणि इकडची म्हणते धंदा इथे दाखवा. यावर चालणारा उपाय असा की जीएसटी नोंदणी आणि प्राप्तिकर विवरणपत्र धंद्याच्या ठिकाणचे ठेवावे, कर्ज तिथल्याच शाखेकडून मागावे, आणि विट्यात ज्या बँकेची शाखा आहे अशीच बँक निवडावी, म्हणजे मालमत्तेची तपासणी आणि मूल्यांकन इथल्या शाखेमार्फत होते. तारण म्हणून शेतजमीन पुढे करू नका. थकलेल्या कर्जापोटी तारण मालमत्ता कोर्टात न जाता ताब्यात घेऊ देणारा सरफेसी कायदा शेतजमिनीला लागू होत नसल्याने धंद्याच्या कर्जाला बँका ती सहसा घेत नाहीत. गावठाणातले घर किंवा बिगरशेती प्लॉट चालतो, आणि त्यासाठी मिळकत पत्रिका, बिगरशेतीचा आदेश व भावांचे नोंदणीकृत वाटपपत्र आधीच काढून ठेवावे.